फ्रेंचच्या ‘दों’पर्यंत मराठीतून जाणारी वाट

पत्र

‘मी नाशिकला एका पतसंस्थेत हिशेब पाहते. वय ३९. दोन वर्षांपासून संध्याकाळच्या वर्गात फ्रेंच शिकत आहे. ज्या परीक्षेची मला भीती वाटते ती, म्हणजे फ्रेंचची मध्यम पातळीची डेल्फ बी-१, आता चार महिन्यांवर आली आहे. ज्या मैत्रिणींबरोबर मी सुरुवात केली त्या पुढे गेल्या आणि मी मात्र संबंधी सर्वनामांपाशी अडून बसले आहे. ‘की’, ‘क’, ‘दों’, ‘ऊ’ यांपैकी कुठे काय घालायचे हे मला ठरवता येत नाही. ज्या वर्गात मी जाते तिथे हे सारे इंग्रजीतल्या ‘हू’, ‘विच’, ‘हूज’ यांच्या आधाराने शिकवतात. माझे शिक्षण मराठी माध्यमात झाले. जे मला इंग्रजीत कधी नीट कळले नाही ते फ्रेंचमध्ये कसे कळणार? शिवाय भूतकाळाच्या क्रियापदाला स्त्रीलिंगाची खूण कधी लागते आणि कधी लागत नाही, हाही गोंधळ आहेच. मी हा नाद सोडावा का?’
— एक वाचक, नाशिक

उत्तर

सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र मी दोनदा वाचले. दुसऱ्यांदा वाचताना हातात पेन्सिल घेतली आणि त्यातल्या संबंधी सर्वनामांखाली रेघा ओढल्या. ‘ज्या परीक्षेची’, ‘ज्या मैत्रिणींबरोबर’, ‘ज्या वर्गात’ आणि शेवटी नुसते ‘जे’. चारही ठिकाणी तुम्ही अचूक रूप वापरले आहे, आणि ते वापरताना तुम्हाला क्षणभरही विचार करावा लागला नसणार. फ्रेंचमध्ये या चार जागी चार वेगवेगळे शब्द येतात: पहिल्या जागी ‘दों’, दुसऱ्या जागी ‘आव्हेक की’, तिसऱ्या जागी ‘ऊ’ आणि चौथ्या जागी ‘स क’. म्हणजे जी निवड तुम्हाला फ्रेंचमध्ये अवघड वाटते तीच निवड तुम्ही मराठीत या छोट्याशा पत्रात चार वेळा सहज केली आहे. तेव्हा फ्रेंचचा नाद सोडू नका. फ्रेंचकडे इंग्रजीच्या वळशाने जाणे मात्र सोडा, असे मी अगदी मनापासून सांगते.

पुढे जाण्यापूर्वी एक सूचना. फ्रेंच शब्द मी इथे देवनागरीत, उच्चाराप्रमाणे लिहीत आहे. तुमच्या वहीत मात्र ते फ्रेंच लेखनाप्रमाणेच असू द्या, कारण या प्रकरणातल्या काही चुका कानाला कळत नाहीत, फक्त कागदावर दिसतात.

इंग्रजीचा वळसा का फसवतो ते आधी पाहू. इंग्रजीत ‘हू’ आणि ‘विच’ यांतला भेद माणूस आणि वस्तू असा आहे. विद्यार्थी तोच भेद ‘की’ आणि ‘क’ यांवर लादतात आणि ‘की’ माणसांसाठी, ‘क’ वस्तूंसाठी, असे मनाशी धरून बसतात. फ्रेंचमध्ये या जागी माणूस आणि वस्तू यांचा काही संबंध नाही. गौण वाक्यात ते सर्वनाम कर्त्याचे काम करत असेल तर ‘की’ आणि प्रत्यक्ष कर्माचे काम करत असेल तर ‘क’, एवढाच निकष आहे. ‘ल लीव्र की ए स्यूर ला ताब्ल’ म्हणजे जे पुस्तक टेबलावर आहे ते. इथे पुस्तक ही वस्तू असूनही ‘की’ आला, कारण टेबलावर असण्याची क्रिया पुस्तकाची आहे. ‘लांफां क जे व्ह्यू’ म्हणजे ज्या मुलाला मी पाहिले तो. इथे मूल माणसाचे असूनही ‘क’ आला, कारण पाहणारी मी आहे आणि मूल पाहिले गेले आहे. इंग्रजीची दुसरी सवय अशी की तिथे हे सर्वनाम पुष्कळदा गाळूनच टाकतात. फ्रेंचमध्ये ‘क’ कधीही गाळता येत नाही, आणि मराठीतला ‘जो’ही आपण सहसा गाळत नाही.

सर्वनामाचे वाक्यातले काम पाहून त्याचे रूप ठरवायचे, ही दृष्टी मराठी माणसाला नवी नाही. जो, ज्याने, ज्याला, ज्याचा, ज्याच्यावर, जिथे, जेव्हा ही सगळी रूपे त्या कामावरूनच ठरतात. प्रश्न एवढाच आहे की मराठीचे कोणते रूप फ्रेंचच्या कोणत्या रूपाशी जुळते, आणि कुठे जुळल्यासारखे भासून दगा देते.

सर्वांत समाधानाची जागा ‘दों’ची आहे, म्हणून तिथून सुरुवात करते. शिकणाऱ्यांना सर्वाधिक धास्ती याच शब्दाची असते, आणि मराठी शिकणाऱ्यांनी ती बाळगण्याचे कारण सर्वांत कमी आहे. फ्रेंचमध्ये ‘द’ हा छोटा शब्द साधारणपणे आपल्या षष्ठीचे, म्हणजे ‘चा-ची-चे’चे काम करतो, आणि ज्या वाक्यात ‘द’ची गरज असते तिथे संबंधी सर्वनाम ‘दों’ येते. आता ही क्रियापदे पाहा. गरज असणे म्हणजे ‘आव्ह्वार बझ्वँ द’, आणि मराठीत ‘ज्याची मला गरज आहे’. भीती वाटणे म्हणजे ‘आव्ह्वार पर द’, आणि मराठीत ‘ज्याची मला भीती वाटते’. इच्छा होणे म्हणजे ‘आव्ह्वार आंव्ही द’, आणि मराठीत ‘ज्याची मला इच्छा आहे’. आठवण असणे म्हणजे ‘स सूव्हनीर द’, आणि मराठीत ‘ज्याची मला आठवण आहे’. चारही ठिकाणी फ्रेंचचा ‘द’ आणि मराठीची षष्ठी हातात हात घालून चालतात. ‘ल लीव्र दों जे बझ्वँ’ हे वाक्य ‘ज्याची मला गरज आहे ते पुस्तक’ यातून जवळजवळ आपोआप निघते. इंग्रजीतल्या ‘हूज’वरून आलेल्या विद्यार्थ्याला इथे ‘दों’ सुचतच नाही, कारण त्याच्या लेखी ‘हूज’ म्हणजे फक्त मालकी.

या शब्दाचे मूळही उद्बोधक आहे. ‘दों’ हा उत्तरकालीन लॅटिनमधल्या ‘दे उन्दे’ या जोडशब्दातून आला आणि त्याचा अर्थ ‘जिथून’ असा होता. ‘ऊ’ हा लॅटिनच्या ‘उबी’वरून, म्हणजे ‘जिथे’वरून आला. ‘जिथून’ आणि ‘जिथे’ ही जोडी मनात धरली की ‘दों’ आणि ‘ऊ’ यांची कामे एकमेकांत मिसळत नाहीत.

तरीही षष्ठी दिसली की डोळे मिटून ‘दों’ घालू नये. ‘मी जिची वाट पाहत आहे ती बस’ हे वाक्य घ्या. मराठीत ‘जिची’ आहे, पण फ्रेंचमध्ये वाट पाहणे म्हणजे ‘आतांद्र’, आणि हे क्रियापद आपले कर्म थेट घेते, मध्ये ‘द’ येऊ देत नाही. म्हणून ‘ल ब्यूस क जातां’. इथे ‘दों’ चूक आहे. त्याचप्रमाणे ‘ज्या शहराची मला उणीव भासते’ यात मराठीत षष्ठी असली तरी फ्रेंचमध्ये ‘मांके’ या क्रियापदाचा कर्ता ते शहरच असते, म्हणून ‘ला व्हील की म मांक’. यावरून एक सवय लावून घ्या: फ्रेंच क्रियापद पाठ करताना ते एकटे पाठ करू नका, त्याच्यामागून ‘द’ येतो, ‘आ’ येतो की काहीच येत नाही हेही त्याच ओळीत लिहा. हिशेबाच्या वहीत जशी रक्कम एकटी लिहीत नाहीत, ती जमेची की नावेची हेही लिहितात, तसेच हे आहे. संबंधी सर्वनामांच्या बहुतेक चुका सर्वनामाच्या नसतात. त्या क्रियापद अर्धवट पाठ केल्याच्या असतात.

मालकीच्या ‘दों’बाबत दोन गोष्टी सांभाळायच्या. ‘ज्यांची मुलगी मी ओळखते ते गृहस्थ’ असे मराठीत म्हणताना ‘मुलगी’ हा शब्द ‘ज्यांची’ला चिकटून येतो. फ्रेंचमध्ये मात्र तो आपल्या नेहमीच्या जागी, क्रियापदानंतरच राहतो: ‘लॉम दों ज कॉने ला फीय’. मराठीच्या किंवा इंग्रजीच्या क्रमाने ‘ला फीय’ आधी ओढली की वाक्य मोडते. दुसरे असे की ‘दों’मध्येच मालकी आलेली असल्यामुळे पुढे ‘त्याची’ अशा अर्थाचा ‘सा’ पुन्हा घालायचा नाही, तिथे साधा ‘ला’ पुरतो.

आता मराठी जिथे खरोखर गोंधळात टाकते त्या जागा. पहिली जागा आहे ‘जो-जी-जे’ या मूळ रूपाची. ‘जे पुस्तक टेबलावर आहे’ आणि ‘जे पुस्तक मी वाचले’ या दोन्हींत ‘जे’च आहे, पण पहिल्यात पुस्तक कर्ता आहे आणि दुसऱ्यात कर्म. मराठीत भूतकाळी सकर्मक क्रियापदाच्या कर्त्याला ‘ने’ लागतो, ‘मी’सारख्या सर्वनामाला तो दिसत नाही एवढेच, आणि कर्म प्रत्ययाविना उभे राहते. त्यामुळे ‘जे’ दिसल्याबरोबर ‘की’ लिहायचा मोह होतो. फ्रेंच मात्र कठोरपणे विचारते: वाचणारे कोण? वाचणारी मी, म्हणून ‘ल लीव्र क जे ल्यू’. उलट ‘ज्या मुलीने हे चित्र काढले’ यातले ‘ज्या मुलीने’ हे रूप तिरके असले तरी चित्र काढणारी तीच आहे, म्हणून ‘ला फीय की आ फे स देसँ’. क्रिया करणारा दाखवणारे ‘ज्याने’ किंवा ‘जिने’ दिसले की निःशंकपणे ‘की’ लिहावे. एवढा एकच नियम मनाशी बाळगलात तरी बरेचसे काम होईल.

दुसरी जागा ‘ज्याला’ची. इथे मी थोडी जास्त थांबणार आहे, कारण मराठीच्या या एका रूपाची फ्रेंचमध्ये तीन रूपे होतात. ‘ज्या मुलाला मी पाहिले’ यात ‘ला’ हा प्रत्यक्ष कर्माचा आहे, म्हणून ‘क’. ‘ज्या मुलाला मी पुस्तक दिले’ यात ‘ला’ हा देण्याच्या दिशेचा आहे, म्हणून ‘लांफां आ की जे दॉने अँ लीव्र’. आणि ‘ज्या मुलाला भूक लागली आहे’ यात मराठीने भुकेला कर्ता केले आहे, पण फ्रेंचमध्ये मूल भूक ‘बाळगते’, म्हणून मूलच कर्ता आणि ‘लांफां की आ फँ’. मराठीत अनुभव माणसाकडे येतो: मला भूक लागते, मला राग येतो, मला कळते, मला हवे असते. फ्रेंच अशा बहुतेक ठिकाणी माणसाला कर्ता करते. म्हणून ‘ला’ दिसला की मराठी वाक्यावरून निर्णय न घेता, फ्रेंच क्रियापद मनात आणून, ती क्रिया कोण करतो असे विचारावे. मदत करणे म्हणजे ‘एदे’, ते थेट कर्म घेते, म्हणून ज्याला मी मदत केली त्याच्यासाठी ‘क’. फोन करणे म्हणजे ‘तेलेफॉने आ’, म्हणून ज्याला मी फोन केला त्याच्यासाठी ‘आ की’. मराठीत दोन्हीकडे ‘ला’च आहे.

यातला एक अपवाद मला फार आवडतो. ‘जे पुस्तक मला आवडते’ याची फ्रेंचमध्ये दोन भाषांतरे होतात. ‘एमे’ हे क्रियापद वापरले तर आवडणारी ‘मी’ कर्ता होते आणि ‘ल लीव्र क जेम’ असे म्हणावे लागते. पण ‘प्लेर’ हे क्रियापद वापरले तर वाक्य थेट मराठीच्या वळणावर येते: पुस्तक कर्ता आणि ‘मला’ त्याच्या पुढे, ‘ल लीव्र की म प्ले’. वर्गात असे सांगतात की पुढे क्रियापद असेल तर ‘की’ आणि पुढे नाम किंवा सर्वनाम असेल तर ‘क’. ही युक्ती पुष्कळदा चालते, पण इथे कोसळते, कारण ‘की’च्या लगेच पुढे ‘म’ हे सर्वनामच बसले आहे. म्हणून युक्तीपेक्षा क्रिया कोणाची हा प्रश्न अधिक भरवशाचा.

तिसरी अडचण कानाची आहे, आणि ती मराठी शिकणाऱ्यांना विशेष जाणवते. आपल्याकडे ‘मला वाटते की’ यातले ‘की’ हे उभयान्वयी अव्यय आहे. फ्रेंचमध्ये त्या जागी ‘क’ येतो: ‘ज पांस क’. मराठीचा ‘की’ आणि फ्रेंचचा ‘की’ यांचा उच्चार इतका सारखा आहे की घाईत हात आपोआप फ्रेंच ‘की’ लिहून जातो. उत्तरपत्रिका तपासताना ही चूक मला वर्षानुवर्षे दिसत आली आहे, आणि ती नेमकी चांगल्या, ओघवते लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांच्या हातून होते. मनात गाठ बांधून ठेवा: वाटते, म्हणते, माहीत आहे यांनंतर फ्रेंचमध्ये ‘क’.

त्यात भर म्हणजे ‘क’च्या पुढे स्वर आला की त्याच्या लेखनातला शेवटचा स्वर गळतो आणि तो पुढच्या शब्दाला जोडला जातो, पण ‘की’ कधीच असा आखडत नाही. त्यामुळे ‘लॉम की लेम’ हे ऐकून तो पुरुष तिच्यावर प्रेम करतो की दुसराच कोणी त्या पुरुषावर प्रेम करतो, हे कानाला कळत नाही. दोन्ही वाक्यांचा उच्चार एकच आहे, लेखन मात्र वेगळे. म्हणून म्हटले की वहीत फ्रेंच लेखनच ठेवा. देवनागरी टिपणांवर अभ्यास केल्यामुळे असे भेद पुसले जातात.

वाक्याच्या क्रमाबद्दल थोडक्यात. मराठीत ‘जो’चे वाक्य बहुधा आधी येते आणि मग ‘तो’ येतो. फ्रेंचमध्ये आधी नाम, त्याला चिकटून संबंधी सर्वनाम, आणि ‘तो’ला जागाच नाही. ‘जो मुलगा काल आला तो माझा भाऊ आहे’ याचे ‘ल गार्सों की ए व्हन्यू इयेर ए मों फ्रेर’ होते. ‘तो’च्या सवयीने मध्ये ‘ईल’ घालू नका. ‘मी वाचले ते पुस्तक’ म्हणताना ‘ते’साठी ‘क’नंतर आणखी एक ‘ल’ घालण्याची चूकही याच सवयीतून येते. आणि आपण बोलताना ‘जो’ ऐवजी पुष्कळदा जी धातुसाधिते वापरतो, म्हणजे ‘मुंबईहून येणारी गाडी’, ‘मी वाचलेले पुस्तक’, ‘आम्ही राहत असलेले घर’, त्यांची फ्रेंचमध्ये अनुक्रमे ‘की’, ‘क’ आणि ‘ऊ’ची वाक्ये होतात. ‘णारा’ दिसला की बहुतेक वेळा ‘की’.

‘ऊ’बद्दल एकच लक्षात ठेवा. मराठीत स्थळासाठी ‘जिथे’ आणि काळासाठी ‘जेव्हा’ किंवा ‘ज्या दिवशी’ असे वेगळे शब्द आहेत. फ्रेंचमध्ये काळदर्शक नामानंतरही ‘ऊ’च येतो: ‘ल जूर ऊ’, ज्या दिवशी. इथे ‘जेव्हा’ या अर्थाचा ‘कां’ लिहिणे ही चूक आहे.

आता ‘लकेल’ आणि त्याचा गोतावळा. मराठीत शब्दयोगी अव्यय मागून लागते: ज्याच्यावर, ज्याच्याबरोबर, ज्याच्याशिवाय. फ्रेंचमध्ये तेच काम करणारे प्रेपोझिशन पुढे येते आणि संबंधी सर्वनाम त्याच्या मागे: ‘स्यूर लाकेल’, जिच्यावर. तुमच्या मैत्रिणींसारख्या माणसांसाठी ‘आव्हेक की’ पुरते, वस्तूंसाठी ‘लकेल’ची लिंग-वचनानुसार बदलणारी रूपे लागतात. मराठीतही जो-जी-जे लिंगानुसार बदलतात, त्यामुळे हे बदलणे तुम्हाला परके वाटू नये. फ्रेंच नामाचे लिंग मात्र मराठीवरून ठरवू नका. टेबल मराठीत नपुंसकलिंगी आहे, फ्रेंचमध्ये स्त्रीलिंगी.

या ठिकाणी ‘दों’ची एक मर्यादा येते आणि ती समजण्यासाठी आपली एक म्हण उपयोगी आहे: ज्याच्या हाती ससा तो पारधी. ‘ज्याच्या’ ही षष्ठी असल्यामुळे ‘दों’ लिहावेसे वाटते. परंतु ‘हाती’ या शब्दातच ‘मध्ये’चा अर्थ आहे, म्हणजे फ्रेंचमध्ये ‘हात’ या नामाच्या आधी ‘दां’ हे प्रेपोझिशन येते, आणि ज्या नामाआधी प्रेपोझिशन आहे त्या नामाची मालकी ‘दों’ने दाखवता येत नाही. तिथे ‘द की’ किंवा ‘द्युकेल’ (म्हणजे ‘द’ आणि ‘लकेल’ मिळून) घ्यावे लागते, तेही नामानंतर. ‘ज्याच्या काठावर आम्ही बसलो ते तळे’ याचेही तसेच: ‘ल लाक ओ बॉर द्युकेल’. म्हणजे ‘ज्याच्या’पुढचे नाम ‘वर’, ‘त’, ‘जवळ’ अशा कशाने बांधलेले असेल तर ‘दों’ नाही. हा नियम बी-१ पातळीला थोडा पुढचाच आहे. समजला तर ठीक, वापरण्याचा आग्रह नको.

पूर्वपद, म्हणजे ‘जो’ ज्याच्याबद्दल बोलतो ते नाम, नसते तेव्हा, म्हणजे ‘जे घडले ते’, ‘जे मला कळले नाही ते’, अशा वाक्यांत फ्रेंच आपल्या नपुंसकलिंगी ‘ते’च्या जागी ‘स’ ठेवते आणि मग नेहमीप्रमाणे ‘की’, ‘क’ किंवा ‘दों’ लावते. माणसांसाठी ‘सल्वी की’, म्हणजे ‘तो, जो’. फ्रेंच म्हणींमध्ये ‘सल्वी’ गळून पडतो: ‘की व्हिव्रा व्हेरा’, जो जगेल तो पाहील. काही मराठी म्हणी उलट ‘जो’ गाळून ‘तो’ ठेवतात, ‘करेल तो भरेल’ या चालीवर.

‘जो’ आणि ‘तो’ यांची ही जोडी फ्रेंचमधले आणखी एक दुखणे हलके करते. ‘आं’ आणि ‘ई’ ही दोन छोटी सर्वनामे तुमच्या अभ्यासक्रमात असणारच. ‘दों’ म्हणजे ‘ज्याची’ असेल तर ‘आं’ म्हणजे ‘त्याची’: ‘जां ने बझ्वँ’, मला त्याची गरज आहे. ‘ऊ’ म्हणजे ‘जिथे’ असेल तर ‘ई’ म्हणजे ‘तिथे’: ‘जी व्हे’, मी तिथे जाते. आणि ‘क’ला जोडीदार ‘ल’, ‘ला’, ‘ले’. वहीत ‘ज’चा एक रकाना आणि ‘त’चा एक रकाना असे शेजारी शेजारी लिहून ठेवा. दोन वेगळे धडे म्हणून जे पाठ करावे लागते ते एकच असल्याचे दिसेल. एक खबरदारी एवढीच की माणसांविषयी बोलताना ‘आं’ ऐवजी ‘द ल्वी’, ‘देल’ असे म्हणणे बरे.

क्रियापदाला लागणाऱ्या स्त्रीलिंगाच्या खुणेबद्दल तुम्ही विचारले आहे आणि तो प्रश्न याच प्रकरणाला जोडलेला आहे. ‘आव्ह्वार’ (जवळ असणे) हे साहाय्यक क्रियापद घेणाऱ्या क्रियापदाचे भूतकाळी रूप फ्रेंचमध्ये प्रत्यक्ष कर्माप्रमाणे बदलते, पण कर्म क्रियापदाच्या आधी आले असेल तरच. हा नियम रुजवण्याचे श्रेय सोळाव्या शतकातील कवी क्लेमां मारो यांना देतात, आणि त्यांनी त्यासाठी इटालियनचा आधार घेतला होता. ‘क’ हे कर्माचेच सर्वनाम असल्यामुळे ते नेहमी आधी येते, म्हणून ‘ला लेत्र क जे एक्रीत’, जी चिठ्ठी मी लिहिली. ‘लिहिली’तल्या ‘ली’कडे पाहा. चिठ्ठी स्त्रीलिंगी म्हणून क्रियापद स्त्रीलिंगी, लिहिणारा पुरुष असो की स्त्री. मराठीचा कर्मणी प्रयोग हेच करतो. ‘जिने चिठ्ठी लिहिली’ यातही ‘लिहिली’ ही ‘जिने’मुळे होत नाही, चिठ्ठीमुळे होते, आणि फ्रेंचमध्येही ‘की’मागच्या कर्त्याला ‘आव्ह्वार’बरोबरचे भूतकाळी रूप जुमानत नाही. फरक दोन आहेत. मराठीत कर्म कुठेही असो, क्रियापद बदलते. फ्रेंचमध्ये ‘जे एक्री ला लेत्र’ असा क्रम असेल तर काहीही बदलत नाही. आणि ‘ज्या मुलीला मी पाहिले’ असे म्हणताना ‘ला’मुळे मराठीचे क्रियापद नपुंसकलिंगी होते, फ्रेंचमध्ये मात्र मुलीसाठी स्त्रीलिंगाची खूण लिहावीच लागते, जरी ती ऐकू येत नसली तरी. ‘दों’ हे प्रत्यक्ष कर्म नसल्यामुळे त्याच्यामुळे खूण कधीही लागत नाही. ‘एत्र’ (असणे) हे साहाय्यक घेणारी क्रियापदे कर्त्याप्रमाणे बदलतात: ‘एल एताले’, ती गेली. इथेही मराठी सोबत आहे, पण ती पूर्ण वाट सोबत येत नाही. ‘ती झोपली’ला फ्रेंचमध्ये ‘एल आ दॉर्मी’ म्हणतात आणि तिथे खूण नाही. ‘एत्र’ घेणाऱ्या मोजक्या क्रियापदांची यादी पाठ करण्यावाचून गत्यंतर नाही.

परीक्षेपुरते सांगायचे तर डेल्फमध्ये व्याकरणाची वेगळी प्रश्नपत्रिका नसते. श्रवण, वाचन, लेखन आणि संभाषण यांना प्रत्येकी २५ गुण असतात, उत्तीर्ण होण्यासाठी १०० पैकी ५० गुण आणि प्रत्येक भागात किमान ५ गुण लागतात. बी-१च्या लेखनात ४५ मिनिटांत साधारण १६० शब्द लिहायचे असतात. तेवढ्या मजकुरात ‘की’, ‘क’, ‘ऊ’ दोन-दोनदा आणि ‘दों’ एकदा अचूक आले तर पुरेसे आहे. परीक्षकाला दिपवण्यासाठी ‘द्युकेल’ घालून वाक्य बिघडवू नका. एखादे ‘लकेल’ हवेच असेल तर ‘ला रेझों पूर लाकेल’, ज्या कारणासाठी, हा तयार वाक्प्रचार पत्रात कुठेही बसतो.

पुढच्या आठवड्यात एवढेच करा. मला लिहिलेल्या पत्रातली ती चार वाक्ये स्वतः फ्रेंचमध्ये आणा. प्रत्येक वाक्याआधी समासात ती क्रिया कोणाची आहे आणि फ्रेंच क्रियापदामागून ‘द’, ‘आ’ की काहीच नाही, हे दोन शब्दांत लिहा. पहिले वाक्य मी करून देते: ‘लेग्झामँ दों जे पर आप्रॉश’, ज्या परीक्षेची मला भीती वाटते ती जवळ येत आहे. चौथ्या वाक्यातले ‘कळले नाही’ जपून हाताळा. तिथे मराठीचा ‘मला’ फ्रेंचमध्ये ‘ज’, म्हणजे ‘मी’, होईल, आणि म्हणून ‘स’च्या पुढे काय येईल ते तुम्हालाच ठरवायचे आहे.